पेटीवरचे नाव, पेटीतला माल

प्रस्तावना

खानदेशात अमळनेरचे नाव काढले की बोरी नदी, सखाराम महाराजांची यात्रा, प्रताप मिल आणि साने गुरुजींनी शिकवलेली शाळा आठवते. या गावाची आणखी एक ओळख आहे आणि या पुस्तकाचा धागा तिच्यापासून सुरू होतो. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. पंचक्रोशीत भुईमूग पिकत होता, तेलबियांचा बाजार होता, रेल्वे होती. कारखान्यातून सनफ्लॉवर वनस्पती तुपाचे डबे निघू लागले आणि तेलाच्या जोडउत्पादनातून ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण तयार होऊ लागला. १९६६ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींचे निधन झाले. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा अझीम परत आला आणि त्याने कारभार हाती घेतला. १९७७ मध्ये कंपनीचे लांबलचक नाव आखूड होऊन विप्रो झाले. पुढच्या काही वर्षांत त्याच नावाचे संगणक भारतीय कार्यालयांच्या टेबलांवर दिसू लागले.

तूप आणि संगणक हे दोन धंदे वरवर पाहता एकमेकांपासून फार लांबचे वाटतात. तरी दोन्हीकडे मालकापुढचे प्रश्न तेच असतात. भाव किती लावायचा, प्रत कुठवर सांभाळायची, जाहिरातीवर किती ओतायचे आणि बाजाराचा किती हिस्सा आपल्याकडे ओढायचा? चार तंगाव्यांवर उभ्या मांडवासारखा हा प्रकार आहे. एक दोर ताणला की उरलेल्या तिघांवर ताण येतो. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हे दोर कसे ओढले, कुठे तोडले आणि कोणाचा मांडव कोसळला, हा या पुस्तकाचा विषय. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले वाणिज्य व संगणकशास्त्राचे विद्यार्थी, दुकानदार आणि शाळा-कॉलेजांच्या खरेदी समित्यांवर बसणारे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. त्यांना विषयाच्या दारापर्यंत नेण्याचे काम या प्रस्तावनेकडे आहे.

भारतातली गोष्ट सुरू होते ती एका कंपनीच्या जाण्याने. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातली आपली भागीदारी चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावी, असा सरकारचा आग्रह होता. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना हा आग्रह कडक झाला. आयबीएमला ही अट मान्य नव्हती आणि १९७८ मध्ये तिने भारतातला गाशा गुंडाळला. तिची यंत्रे मात्र बँका, रेल्वे आणि संशोधन संस्थांमध्ये चालूच होती. ती सांभाळायची कोणी? १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने देखभालीची मोठी जबाबदारी उचलली. वाचकाने हा प्रसंग पुस्तक संपेपर्यंत मनात ठेवावा. बनवणारा निघून गेला, यंत्र मागे राहिले, आणि ते चालते ठेवणाऱ्याची किंमत लोकांना त्या दिवशी कळली.

आयबीएमच्या रिकाम्या जागेत देशी कंपन्या शिरल्या. एचसीएल १९७६ पासून होती, सरकारी ईसीआयएल त्याआधीपासून होती, मुंबईची झेनिथ १९८० मध्ये आली. विप्रोने बंगळूरमध्ये संगणकाचा विभाग उभा केला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपला मिनीसंगणक बाजारात आणला. त्या काळात आयातीवर जबर कर होते आणि परवान्यांशिवाय पान हलत नव्हते. स्पर्धक मोजके, गिऱ्हाईक मोठ्या संस्था, भाव लाखांत. अशा बाजारात विक्रीनंतरच्या सेवेला फार वजन होते. यंत्र बंद पडले तर अभियंता किती तासांत पोचतो, यावर पुढची ऑर्डर ठरायची. विप्रोने या बाजूवर भर दिला आणि नाव कमावले.

त्याच सुमारास अमेरिकेत घडलेल्या एका निर्णयाने साऱ्या जगाचा हिशेब बदलला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. मूळ संचाची किंमत होती १,५६५ डॉलर. तो लवकर तयार व्हावा म्हणून कंपनीने प्रोसेसर इंटेलकडून घेतला, चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली, आणि बाकीचे भागही बाजारात मिळणारेच वापरले. माल लवकर आला, तुफान चालला, पण त्याची कृती सगळ्यांच्या हाती लागली. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीवर चालणारे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवणारा संगणक काढला आणि मग अशा कंपन्यांची रांगच लागली. पेटीवर नाव कोणाचेही असो, पेटीतला माल तोच, अशी स्थिती हळूहळू आली. या पुस्तकातले सगळे तंटे या एका स्थितीतून निघालेले आहेत. म्हणून आता चारही दोरांकडे एकेक करून पाहू.

भावापासून सुरुवात करू. भाव पाडून बाजार जिंकण्याचे सर्वांत बोलके उदाहरण कमोडोर कंपनीचे आहे. तिने १९८२ मध्ये कमोडोर ६४ हा घरगुती संगणक ५९५ डॉलरला आणला आणि पुढच्याच वर्षी त्याचा भाव निम्म्याखाली नेला. हे तिला परवडले, कारण चिप बनवणारा कारखाना तिच्या स्वतःच्या मालकीचा होता. समोर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारखी बलाढ्य कंपनी होती. तिने भावाला भाव लावत नेला, तोटा सोसला आणि १९८३ मध्ये घरगुती संगणकाचा धंदाच सोडला. लढाई कमोडोरने जिंकली. तिचा संगणक लाखोंच्या संख्येने खपला. पण १९९४ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत निघाली. पडलेल्या भावाने गिऱ्हाईक आणले, तरी पुढचे यंत्र घडवण्याइतकी पुंजी आणि दिशा त्यातून उभी राहिली नाही.

बाजारातल्या हिश्शाची ओढ कंपन्यांना का असते, हेही समजून घेतले पाहिजे. नुसत्या मोठेपणाच्या हौसेपोटी कोणी इतका पैसा जाळत नाही. ज्याचा खप जास्त त्याला प्रोसेसर, मेमरी आणि पडदे स्वस्तात मिळतात. टंचाईच्या दिवसांत सुटे भाग आधी त्याच्या दारात येतात. शंभर शहरांत सर्व्हिस सेंटर उघडायचे तर तेवढी यंत्रे विकलेली असावी लागतात. कॉम्पॅकची वाटचाल या दृष्टीने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. पहिली नऊ-दहा वर्षे ती उत्तम प्रतीचा आणि चढ्या भावाचा संगणक बनवत होती. १९९१ मध्ये नफा घसरला, संस्थापक प्रमुखाला जावे लागले, आणि नव्या नेतृत्वाने १९९२ मध्ये भाव एकदम खाली आणले. १९९४ मध्ये कॉम्पॅक पीसीच्या विक्रीत जगात पहिली झाली. मग डेलने दुकानदाराला वगळून थेट गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे संगणक जोडून पाठवण्याची जी पद्धत सुरू केली होती, ती भारी पडली. मालाचा साठा पडून राहत नसल्याने डेलला भाव कमी ठेवता येत होता. २००१ मध्ये डेल पहिली झाली आणि २००२ मध्ये कॉम्पॅक एचपीच्या पोटात गेली. खुद्द आयबीएमने २००५ मध्ये आपला पीसीचा धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीला विकला आणि २०१३ मध्ये लेनोव्हो पहिल्या क्रमांकावर पोचली. पहिल्या क्रमांकाची पाटी तीस वर्षांत इतक्या दारांवर फिरली. याउलट ॲपलचा पीसीच्या बाजारातला हिस्सा कायम छोटा राहिला, १९९७ मध्ये ती बुडण्याच्या काठावर होती, आणि तरीही पुढे ती नफ्यात सगळ्यांच्या पुढे गेली. पेटीतली प्रणाली तिची स्वतःची होती आणि भाव कुठवर धरायचा हे तिच्या हातात राहिले.

जाहिरातीचा दोर सगळ्यांत फसवा. १९९१ मध्ये इंटेलने 'इंटेल इनसाइड'ची मोहीम सुरू केली. संगणक कंपनीने आपल्या जाहिरातीत इंटेलचे चिन्ह दाखवले तर खर्चाचा काही भार इंटेल उचलत असे. कंपन्यांना जाहिरात स्वस्तात पडली, म्हणून बहुतेकींनी ती पत्करली. काही वर्षांनी असे झाले की गिऱ्हाईक दुकानात येऊन आधी प्रोसेसरचे नाव विचारू लागले आणि संगणक कोणत्या कंपनीचा, हे नंतर. बनवणाऱ्यांनी स्वतःच्या पेटीवर दुसऱ्याचे नाव मोठे केले होते. आजही जाहिरातीत प्रोसेसरचे नाव आणि मेमरीचा आकडा ठसठशीत असतो. पडदा किती उजेड देतो, बिजागरी कसली आहे, मेमरी नंतर वाढवता येते की बोर्डावरच चिकटवलेली आहे, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. खर्च कुठे वाचवला आहे, हे ओळखायचे असेल तर जाहिरातीत कशाचा उल्लेख नाही ते पाहावे.

आता प्रत. खानदेशातल्या वाचकासाठी हा भाग मी थोडा सविस्तर मांडतो, कारण इथल्या हवेत प्रतीची परीक्षा जरा लवकर होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. संगणकाच्या पेटीत आतले तापमान त्याहून बरेच वर असते. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमध्ये आणि मदरबोर्डवर कपॅसिटर नावाची छोटी नळकांडी असतात. त्यांच्या बाबतीत अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे : दर दहा अंश तापमानवाढीला आयुष्य साधारण निम्मे होते. थंड हवेच्या गावात सात वर्षे चालणारा स्वस्त भाग आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात फुगतो, तो असा. त्यात व्होल्टेजचे चढउतार, भारनियमनाची ती वर्षे, आणि हंगामात जिनिंगच्या आसपास हवेत तरंगणारा कापसाचा धागा. तो पंख्यात अडकला की वारा थांबतो आणि पेटी भट्टी होते. चांगला कपॅसिटर आणि साधा कपॅसिटर यांच्या किमतीत काही रुपयांचाच फरक असतो. पण लाखो यंत्रांच्या हिशेबात ते काही रुपये कोट्यवधी होतात आणि कंपनीचा खरेदी विभाग तिथेच कात्री लावतो.

याची किंमत मी जवळून पाहिली आहे. वीस-एक वर्षांपूर्वी धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर मी होतो. निविदा उघडल्या, नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराची निवडली आणि वीस संगणक आले. पहिले वर्ष उत्तम गेले. वॉरंटी संपल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात एकामागून एक एसएमपीएस जळू लागले. भाग नाशिकहून यायचे, कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्याने. परीक्षेच्या तोंडावर नऊ संगणक चालू होते आणि एकेका पडद्यासमोर तीन-तीन मुले बसत होती. त्यांतली बहुतेक मुले शिंदखेडा-साक्रीकडच्या खेड्यांतून एसटीने यायची. संगणकावर बसण्याची त्यांना दुसरीकडे कुठेही सोय नव्हती. निविदेच्या तक्त्यात भावाचा रकाना होता. तिसऱ्या उन्हाळ्याचा रकाना नव्हता. त्या तक्त्यावर माझी सही आहे आणि हे पुस्तक व्हावे असे मला मनापासून वाटण्याचे ते मोठे कारण आहे.

आता पुन्हा अमळनेरच्या धाग्याकडे येऊ. १९९० च्या दशकात आयात सोपी होत गेली आणि परदेशी कंपन्या भारतात उतरल्या. विप्रोने तैवानच्या एसर कंपनीशी भागीदारी केली. याच एसरचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९२ च्या सुमारास एक रेघ काढून दाखवली होती. हसणाऱ्या ओठांसारखी, दोन्ही टोकांना वर आणि मध्ये खाली. डाव्या टोकाला संशोधन आणि मुख्य सुटे भाग, उजव्या टोकाला नाव, वितरण आणि सेवा. दोन्ही टोकांना कमाई चांगली. मधल्या खोलगट भागात असते जोडणी, म्हणजे भाग आणून पेटीत बसवणे, आणि तिथे कमाई सर्वांत कमी. जळगावच्या डाळ मिलवाल्याला हे चित्र काढून दाखवण्याची गरज नाही. तूर त्याची नाही, बाजारातला भाव त्याच्या हातात नाही, पाकिटावर नाव बहुधा दुसऱ्याचे. क्विंटलमागे सुटणाऱ्या थोडक्या पैशांवर त्याला मिल चालवायची असते.

भारतीय संगणक कंपन्या त्या खोलगट भागात सापडल्या. भारत १९९७ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरचा आयातकर शून्यावर आला. तयार यंत्र बाहेरून आणणे आणि इथे जोडणे यांत फारसा फरक उरला नाही. त्याच २००५ च्या सुमारास एचसीएलसह देशी कंपन्यांनी दहा हजार रुपयांच्या आतला संगणक आणून पाहिला. हेतू चांगला होता, पण त्या भावात सेवेसाठी पैसा उरणे कठीण होते. २०११ मध्ये सरकारी पुढाकाराने विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅबलेट आला. भाव इतका कमी ठेवलेला की पडदा, वेग आणि बॅटरी यांच्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या आणि ज्या मुलांसाठी तो होता त्यांच्यात तो रुजला नाही. २०१३ मध्ये विप्रोने स्वतःच्या नावाचे संगणक बनवणे थांबवले. तिची खरी कमाई तोवर सॉफ्टवेअर आणि सेवेतून येत होती.

याच घरातल्या दुसऱ्या मालाची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर विप्रोने संतूर साबण आणला. तो आजही गावोगावच्या किराणा दुकानांत आहे आणि देशातल्या मोठ्या खपाच्या साबणांत मोडतो. मालक तेच, शिस्त तीच. साबणाची कृती कंपनीची होती, नाव तिचे होते आणि वितरणही तिने उभे केले होते. संगणकात प्रोसेसर आणि प्रणाली दुसऱ्याची, पडदा तिसऱ्याचा. चार दोरांपैकी एकही पुरता हातात नसताना मांडव किती दिवस धरायचा, हा निर्णय तिला घ्यावा लागला. या पुस्तकाचे सार मला यातच दिसते : पेटीतला माल ज्याचा स्वतःचा नाही, त्याला पेटीवरचे नाव सेवेतूनच कमवावे लागते, आणि भाव इतका पाडला की सेवेला पैसा उरत नाही, तेव्हा ते नावही जाते.

या साखळीचे शेवटचे टोक आपल्या शहरांत आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर बसलेला दुकानदार हा कंपन्यांच्या साऱ्या ओढाताणीचा शेवटचा धक्का खातो. कंपनीला महिन्याचे टार्गेट गाठायचे असते, म्हणून अखेरच्या आठवड्यात स्कीम येते : इतके नग उचला, इतकी क्रेडिट नोट मिळेल. स्कीमच्या आशेने तो जास्त माल उचलतो आणि रोकड मोकळी करण्यासाठी बिलाच्या भावाखाली विकतो. शेजारच्यालाही मग तोच भाव लावावा लागतो. कंपनीच्या तक्त्यात हिस्सा वाढलेला दिसतो आणि गावातल्या दोन दुकानांचे भांडवल झिजलेले असते. ऑनलाइन खरेदीने हा दाब वाढवला आहे. तरीही ज्या दुकानात दुरुस्तीचे टेबल आहे आणि सोल्डरिंग करणारा माणूस आहे, तिथे गिऱ्हाईक परत येते. जळगावच्या सराफ बाजारात लांबून लोक येतात ते शुद्धतेच्या खात्रीसाठी. संगणकाच्या दुकानालाही अशीच खात्री कमावता येते, हे इथल्या काही दुकानदारांनी कामातून दाखवले आहे.

गिऱ्हाईकही बदलले आहे. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केल्यावर तालुक्यांच्या गावांत संगणक केंद्रे निघाली आणि हजारो घरांत संगणक ही गरजेची वस्तू झाली. त्या केंद्रांत अनेकांनी पहिल्यांदा माऊस धरला. त्यांची मुले आज लॅपटॉप मागत आहेत. दुकानात एचपी, लेनोव्हो, डेल, एसर, आसुस ही नावे आहेत. देशात उत्पादन व्हावे म्हणून केंद्र सरकारने २०२३ मध्ये १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली. त्याच वर्षी लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घालण्याची घोषणा झाली आणि नंतर ती सौम्य करण्यात आली. संगणक पुन्हा इथे बनू लागतील. ते हसऱ्या रेघेच्या कोणत्या भागात बनतील, टोकाला की खोलगटात, हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्याने विचारायला हवा. उद्या त्याचे उत्तर त्यालाच द्यायचे आहे.

पुस्तकातली प्रकरणे क्रमाने वाचली तर इतिहास कळेल. दुकानदाराने वितरणाचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल, आणि खरेदी समितीवरच्या शिक्षकांनी निविदेच्या प्रकरणाला दोनदा हात घालावा. यंत्राची किंमत, पाच वर्षांची देखभाल, बंद पडलेल्या दिवसांचे नुकसान आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरचे अंतर हे सगळे एका तक्त्यात कसे मांडायचे, ते तिथे दाखवले आहे. असा तक्ता मला तेव्हा मिळाला असता तर त्या मुलांचे एक वर्ष वाचले असते.

आपल्याकडे दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, शेवटचा भाव काय?" तो विचारायलाच हवा, कष्टाचा पैसा आहे. पण ज्या अमळनेरच्या बाजारात भुईमुगाच्या गाड्या उतरत होत्या, तिथला कोणताही जुना व्यापारी भाव बोलण्याआधी पोत्यात हात घालायचा. मूठभर शेंगा काढायच्या, फोडायच्या, दाणा भरला आहे का, ओल किती, तेलाचा उतारा किती पडेल याचा अंदाज घ्यायचा आणि मग बोलायला बसायचे. संगणकाची पेटी तशी फोडून बघता येत नाही. ती आतून कशी बघायची, एवढे या पुस्तकातून खानदेशातल्या वाचकाच्या हाती लागावे, अशी माझी इच्छा आहे.